ग्रीटिंग कार्डांचं कस्टम्स क्लिअरिंग: बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रोकर मॅडमचा अनुभव

दादरला माझं भेटवस्तू आणि स्टेशनरीचं दुकान आहे. व्हिएतनामहून पॉप-अप ग्रीटिंग कार्डं मागवते, माल एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून, न्हावा शेवा बंदरात उतरतो. त्याचं क्लिअरिंग सध्या या ऑफिसकडे आहे. पाचपैकी साडेचार तारे देतेय ते एका कारणासाठी: कार्ड हातात घेऊन, उघडून, आतला मजकूर वाचून मग हेडिंग (कस्टम्सच्या टॅरिफमधला, म्हणजे शुल्काच्या यादीतला, वस्तूच्या वर्गाचा क्रमांक) ठरवणारा ब्रोकर मला इथेच भेटला.

आधीचा एजंट नुसतं इनव्हॉइस बघायचा. ‘पेपर आर्टिकल्स’ लिहिलेलं दिसलं की सगळा माल ४८२३ मध्ये, म्हणजे कागदाच्या उरल्यासुरल्या वस्तूंच्या हेडिंगमध्ये. मग कस्टम्सची क्वेरी आली, माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, अडकला, रोजचं भाडं चढत गेलं. नाताळची कार्डं नाताळ उलटल्यावर सुटली. ती कोण घेणार? अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका घाऊक व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने देऊन टाकावी लागली. त्याचा राग अजून आहे.

इथे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “ताई, प्रत्येक डिझाइनचा एकेक नग आणा. फोटो चालणार नाहीत.” मी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि त्यांनी कार्डांचे ढीग करायला घेतले. वाढदिवसाचं, उघडल्यावर लेझरने कापलेलं कमळ उभं राहणारं कार्ड: आत शुभेच्छा छापलेल्या, सोबत पाकीट. हे ४९०९. त्या हेडिंगच्या शब्दांतच आहे की वैयक्तिक शुभेच्छा, संदेश किंवा घोषणा छापलेली कार्डं, चित्र असो नसो, पाकीट असो नसो, सजावट असो नसो. त्यामुळे रिबन, गोंडा, चमकी लावली म्हणून हेडिंग बदलत नाही. आपल्याकडच्या टॅरिफमध्ये तर ४९०९ ००१० ही ओळच ग्रीटिंग आणि लग्नाच्या कार्डांची आहे, म्हणजे गिरगावातल्या खाडिलकर रोडवरच्या लग्नपत्रिकांचीसुद्धा.

दुसरा ढीग कोऱ्या रंगीत कार्डांचा. कडेला बारीकशी सोनेरी रेघ, बाकी काही नाही, लिहायचं ते आपण लिहायचं. ती पत्रव्यवहाराची कार्डं, म्हणून ४८१७. मी जास्तीची पाकिटं वेगळ्या गठ्ठ्यात मागवली होती, तीही तिथेच गेली. नववर्षाचं टेबलावर उभं राहणारं, बारा महिन्यांची पानं असलेलं कार्ड त्यांनी बाजूला काढलं: ते कॅलेंडर, ४९१०. आणि ख्रिसमस ट्रीला टांगायच्या कागदी चांदण्या कार्डांच्याच खोक्यात असल्या तरी त्या सजावटीच्या वस्तू, ९५०५.

एवढी बारीक छाननी कशाला, असं माझ्या भाच्याने विचारलं. मला ती हवीच आहे. २०२० पासून असेसमेंट, म्हणजे हेडिंग आणि शुल्काची तपासणी, फेसलेस झालंय. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याला माझं कमळ दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त वर्णन आणि ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन प्रणालीवर चढवलेली कागदपत्रं असतात. ‘कार्ड्स, असॉर्टेड’ एवढंच लिहिलं तर तो प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. मॅडम वर्णनात लिहितात: छापील वाढदिवस-शुभेच्छापत्र, घडीचं, आत मजकूर, पाकिटासह. सोबत उघड्या आणि मिटलेल्या कार्डाचे फोटो. मागच्या खेपेला एकच क्वेरी आली, उत्तर त्याच दिवशी गेलं आणि आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची परवानगी, मिळालं.

व्हिएतनामच्या मालावर भारत-आसियान व्यापार कराराची शुल्क-सवलत मागायची असेल तर ‘फॉर्म एआय’ हे मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावरचं हेडिंग आणि आपल्या बिल ऑफ एंट्रीवरचं हेडिंग जुळायला हवं. मॅडमनी माल जहाजावर चढायच्या आधीच माझ्या पुरवठादाराकडून मसुदा मागवला आणि त्यातलं चुकीचं हेडिंग दुरुस्त करून घेतलं. हे काम बिलात कुठे दिसत नाही, पण पैसे वाचतात ते यातच. शिवाय सेल्फ-असेसमेंट असल्याने हेडिंग जाहीर करायची जबाबदारी आयातदाराची, म्हणजे माझी. उद्या काही निघालं तर नोटीस दुकानाच्या नावाने येणार. म्हणून मला काम उरकून मोकळा होणारा नको, कारण समजावून सांगणारा ब्रोकर हवा.

म्युझिकल कार्डं मागवायचा माझा विचार होता. त्यात सर्किट आणि बटण सेल असतो, म्हणून त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी नमुना मागितला, आणि मोठी ऑर्डर द्यायची असेल तर अ‍ॅडव्हान्स रूलिंगचा, म्हणजे माल आणण्याआधीच हेडिंगचा अधिकृत निर्णय मागायचा, रस्ता आहे हेही सांगितलं. तो निर्णय देणारं प्राधिकरण इथेच, बॅलार्ड इस्टेटमधल्या न्यू कस्टम हाउसमध्ये आहे.

अर्धा तारा कापला तो फोनसाठी. दुपारपर्यंत कोणी उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर संध्याकाळी येतं. एजन्सी चार्जेस आधीच्या एजंटपेक्षा जास्त आहेत, पण सीएफएसच्या मूळ पावत्या जोडून देतात, वर काही लावत नाहीत. सहार विमानतळावर कुरियरने येणारी छोटी पार्सलं त्या घेत नाहीत. दिवाळी-नाताळचा माल असेल तर पुरवठादाराला ऑर्डर देण्याआधीच नमुने घेऊन जा, माल निघाल्यावर नको.