७२० रुपयांचं फ्लेक्स कॉकपिट : आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, ही कुठल्या कंपनीची वस्तू नव्हे. मी एटीआर ७२-६०० ह्या पंख्याच्या प्रवासी विमानाचं पायलट ट्रेनिंग घेत होतो, म्हणून त्याच्या कॉकपिटचा फोटो फ्लेक्सवर छापून घेतला आणि खुर्चीसमोर भिंतीला टांगला, एवढंच. समोरचं पॅनेल, दोन सीटच्या मधलं लिव्हरवालं पेडेस्टल आणि डोक्यावरचं ओव्हरहेड असे तीन तुकडे, सगळं मिळून ४० स्क्वेअर फूट, १८ रुपयांनी ७२० झाले. शहापुरातल्या फ्लेक्सवाल्यानं फाईल उघडून बघितली आणि विचारलं, "ह्यात फोटो कुणाचा टाकायचा?" त्याच्याकडं सगळी वाढदिवसाचीच गिऱ्हाईकं.

खरं तर ७२० नव्हे, आधीचे ३६० पाण्यात गेले ते धरले तर हजाराच्या वर. पहिल्या वेळी मी घाईत जी फाईल दिली ती जुन्या ७२-५०० ची निघाली, समोर बरीचशी गोल घड्याळं, आणि मला शिकायचं होतं ६०० वर जिथं पाच मोठे स्क्रीन असतात. करणार असाल तर मॉडेल नंबर दोनदा बघा. आणि चकचकीत फ्लेक्स घेऊ नका, ट्यूबलाईट लावली की अर्धं ओव्हरहेड दिसत नाही, मॅट घ्या, थोडं महाग पडतं पण चालतंय.

ह्याच्या जोडीला लॅपटॉपवर सिम्युलेटरचा गेम आणि साडेचार हजाराची जॉयस्टिकपण घेतली होती. त्याचं आधी सांगून टाकतो. गेम दिसायला एक नंबर, पण माझ्या लॅपटॉपवर अडकत अडकत चालायचा आणि त्यात सगळी बटणं माऊसनं दाबायची. म्हणजे हाताला कळतच नाही कुठली वस्तू कुठं आहे, डोळ्याला तेवढं कळतंय. जॉयस्टिक तिसऱ्या महिन्यात डावीकडं ओढायला लागली. ह्यावर तीन आठवडे रोज लँडिंग करत बसलो आणि त्याचा उपयोग जवळपास शून्य. लँडिंग तर मला येतच होतं.

आता मुद्द्याचं. सीपीएलला (कमर्शियल पायलटचं लायसन्स) डीजीसीएच्या, म्हणजे विमान खात्याच्या, नियमानं उडवण्याचे २०० तास लागतात. हे २०० तास आम्ही कशावर काढतो तर सेसना १७२ सारख्या विमानावर, वजन अकराशे किलोच्या आसपास, एक इंजिन, उतरताना स्पीड ६५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). आणि एटीआर म्हणजे २३ टनापर्यंत वजन, दोन इंजिनं, उतरताना स्पीड ११० च्या आसपास. लोकांना वाटतं मोठं विमान म्हणून पोरं घाबरतात. मोठेपणाची भीती सिम्युलेटरच्या दोन सेशनमधी जाते हो. खरी अडचण वेगळी आहे, ते २०० तास आपण एकट्यानं उडवलेलं असतं. शेजारी इन्स्ट्रक्टर असला तरी तो बघायला असतो. मनातल्या मनात ठरवायचं, हातानं करायचं, कुणाला सांगायची गरजच नाही. आणि इथं पहिल्या दिवसापासून दोघांचं काम. एक जण उडवणार, दुसरा बघणार, बोलणार, वाचणार, आणि एकानं काही केलं तर दुसऱ्याला ते कळलंच पाहिजे.

त्यात माझी आणखी एक भानगड म्हणजे लायसन्स हातात आल्यावर दोन वर्षं नोकरी नाही. मामाच्या दुकानात बसलो, आयआर (नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर उडवायचं रेटिंग) रिन्यू करण्यापुरतं उडवलं, बाकी हात गंजला. इन्स्ट्रुमेंटवर नजर फिरवायची सवय सगळ्यात आधी जाते. माझ्या बॅचमधी जे लगेच लागले आणि जे थांबून लागले त्यांच्यातला फरक पहिल्याच सेशनला दिसला.

भाषेचंपण आहेच. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉकपिटमधी इंग्रजी. रेडिओवरचं इंग्रजी पाठ असतंय, त्याला काही होत नाही. पण डोकं भरलं की तोंड बंद पडतं, आणि मराठी मीडियमवाल्याचं जरा लवकर पडतं, हे मी स्वतःवरनं सांगतोय.

तर फ्लेक्स. पहिले दोन महिने मी तो चुकीचा वापरला. खुर्ची टाकून रोज तासभर बोट फिरवत बसायचो, इंजिन सुरू करायचा फ्लो (कुठल्या बटणानंतर कुठलं, तो ठरलेला क्रम), आफ्टर टेकऑफ, बिफोर लँडिंग, सगळं गप्प. हाताला जागा पाठ झाल्या हे खरं आणि तेवढ्यासाठीसुद्धा ७२० रुपये वसूल. ग्राउंड क्लासमधी बाकीची पोरं बटण शोधत होती तेव्हा माझा हात तिथं पोचलेला असायचा. मला वाटलं जिंकलं.

सिमवर, म्हणजे ट्रेनिंगच्या खऱ्या सिम्युलेटरवर, गेल्यावर रात्री दोनचा स्लॉट. चार तास, दोन तास मी उडवणार, दोन तास पार्टनर. टेकऑफला इंजिन फेल दिलं. एटीआरमधी बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर होतो (पाती वाऱ्याच्या दिशेला वळतात, अडथळा होत नाही) आणि दुसऱ्या इंजिनाची पॉवर आपोआप वाढते, म्हणजे विमान पहिलं काम स्वतः करतं. आपण नाक सरळ ठेवायचं, रडार दाबायचं (रडार म्हणजे पायातलं पेडल, आमच्यात सगळे असंच म्हणतात), ४०० फुटापर्यंत घाई करायची नाही. हे सगळं मी केलं. पण एक शब्द बोललो नाही. पार्टनरला कळेना मी काय करतोय, त्यानं त्याच्या अंदाजानं चेकलिस्ट काढली, ती दुसरीच. इन्स्ट्रक्टरनं सिम थांबवलं आणि म्हणाले हात चांगला आहे, पण तू एकटाच बसलायस इथं. चेकला नापास. जादा सेशन लावली आणि मधी नऊ दिवस घरी.

बाबा रिटायर बस ड्रायव्हर. बेळगाव-खानापूर, बेळगाव-निपाणी, तीस वर्षं. मी भिंतीकडं बघून बोट फिरवतोय हे त्यांनी दोन महिने बघितलं होतं आणि काही बोलले नव्हते. त्या वेळी मात्र आले आणि म्हणाले, "काय करायलास हे? बोल की मोठ्यानं." मी म्हटलं एकट्यानं काय बोलू. तर स्टूल ओढून माझ्या उजव्या बाजूला बसले. चेकलिस्ट देवनागरीत लिहून दिली, ती ते वाचायचे, आणि माझं उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. "कंडक्टर रैट म्हणेपर्यंत क्लचवरचा पाय काढायचा नाही," म्हणाले, "आणि होल्डान ऐकू आलं की ब्रेक, मागं काय झालंय ते नंतर विचारायचं."

एटीआरची लिव्हरची गोष्ट त्यांना सांगितली. पेडेस्टलवर दोन पॉवर लिव्हर, त्यांच्या बाजूला दोन कंडिशन लिव्हर (ह्यांनी पंखा फेदर होतो आणि इंजिन बंद होतं), आणि त्यांच्या उजवीकडं फ्लॅपची (विमानाच्या पंखांची मागची कडा, उतरताना खाली करतात). सगळं हाताच्या एका वितीत. फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर ७२-६०० चं दोन नंबरचं इंजिन फेदर झालं आणि पायलटनं पॉवर मागं घेतली ती एक नंबरची, चालू इंजिनाची, शेवटी तेच बंद केलं. ४३ माणसं गेली. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळात पोखऱ्याला फ्लॅप ३० मागितले आणि फ्लॅपऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेल्या, दोन्ही पंख्यांचा जोरच गेला, विमानातले ७२ च्या ७२ गेले. आणि ते नवखे नव्हते, लिव्हर हलवणारा इन्स्ट्रक्टर कॅप्टन होता. म्हणून लिव्हरवर हात ठेवायचा, ओढायचा नाही, "पॉवर लिव्हर वन, कन्फर्म?" म्हणायचं, दुसऱ्यानं डोळ्यानं बघायचं, तो कन्फर्म म्हणाला की मगच. बाबा दरवेळी खरंच मान वाकवून फ्लेक्सवर बघायचे. एकदा मी मुद्दाम दोनवर हात ठेवला, तर "होल्डान!" असे ओरडले की आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली.

ओव्हरहेडवर प्रोपेलर ब्रेकचं बटण बघून त्यांनी विचारलं हे कशाला. एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन) नसतो, म्हणून जमिनीवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकनं धरून ठेवतात आणि इंजिन चालू, त्यावर एसी आणि लाईट. "म्हणजे न्यूट्रलला रेस द्यायची," म्हणाले. अगदी तसंच नव्हे, पण माझ्या क्लासमधल्या अर्ध्या पोरांपेक्षा जवळ गेले.

नऊ दिवसांनी परत सिम. ह्या वेळी पार्टनर उडवत होता, एक नंबरचं फेल, आणि त्याचा हात गेला दोनच्या लिव्हरवर. माझ्या तोंडातनं काय निघालं? होल्डान. पोरगा पाटण्याचा, त्याला ह्यातलं काही माहीत असायचं कारण नाही, पण हात थांबला. इन्स्ट्रक्टर नंतर म्हणाले स्टँडर्ड कॉलआउट, म्हणजे ठरलेले शब्द, वापरत जा. पास केलं.

आता फ्लेक्सचं काय येत नाही तेपण लिहितो, नाहीतर नुसतं कौतुक होईल. पायाचं काही येत नाही. एका इंजिनवर पेडलला किती जोर लागतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मांडी थरथरत होती. पॉवर कमीजास्त केली की नाक बाजूला जातं आणि पायानं सावरायचं असतं, सेसनापेक्षा कितीतरी जास्त, हे भिंतीवर शिकता येत नाही. स्क्रीनवर कुठला मोड लागलाय हे वाचायची सवयपण नाही लागत, चित्र हलत नाही ना. तिथं मात्र लॅपटॉपचा गेम थोडा कामाला आला, जॉयस्टिक बाजूला ठेवून नुसतं ऑटोपायलट लावायचा आणि प्रत्येक बदल मोठ्यानं वाचायचा. हे आधी सुचलं असतं तर बरं.

सध्या लाईन ट्रेनिंग चालू आहे, पॅसेंजर घेऊन, शेजारी ट्रेनिंग कॅप्टन. पन्नास मिनिटांचा सेक्टर (एक उड्डाण) असला की वर पोचून हवामान घेतलं, ब्रीफिंग झालं, की उतरायला सुरुवात. जेट शिकणाऱ्या मित्रांना क्रूझमधी (वर सरळ उडताना) चहा मिळतो, आमचा गार होतो. छोट्या मार्गाच्या विमानात नवा माणूस मागं पडतो तो इथंच, एक गोष्ट दोन मिनिटं लांबली की पुढच्या चार गोष्टी अंगावर येतात. फ्लो हाताला पाठ असला की ती दोन मिनिटं मिळतात. परवा खाली उतरताना कॅप्टन रेडिओवर होते तर माझं सगळं सेट करून झालेलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं होतं.

कुणी घ्यावं? ग्राउंड क्लासच्या आधी महिनाभर वेळ असेल आणि शेजारी बसायला एक माणूस असेल तर नक्की. माणूस नसेल तर आधी माणूस शोधा. विमानाचं कळणारा नसला तरी चालतो, फक्त उत्तर आल्याशिवाय पुढं वाचणारा नको.

माझा फ्लेक्स आता खानापूरच्या एका मुलीकडं दिलाय, तिचा क्लास पुढच्या महिन्यात आहे. घडी घालून ठेवल्यामुळं ओव्हरहेडवर आडवी चीर पडलीय आणि फ्युएल पंपाचं बटण पुसलंय, तिथं बाबांनी मार्करनं काढून दिलंय. तिची आजी वाचायला बसणार म्हणे, म्हणून देवनागरीतली चेकलिस्टपण सोबत पाठवली.