पोटाच्या क्षयाचा सीटी स्कॅन: चिपळूणमधील एका केंद्राचा अनुभव

दोन महिने आईच्या पोटात उजवीकडे खाली कळा येत होत्या, संध्याकाळी अंग कढत लागे आणि वजन उतरत चालले होते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आल्यामुळे क्षयाची शंका आम्ही घरच्यांनी केव्हाच सोडून दिली होती. पोटाच्या क्षयात फुप्फुसे पुष्कळदा निर्दोष दिसतात, हे फार उशिरा कळले. गुहागरला केलेल्या सोनोग्राफीत पोटात थोडे पाणी आणि काही गाठी दिसल्या, परंतु आतड्यांतील वायूमुळे त्यापलीकडचे नीट दिसेना, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करण्यास सांगितले आणि आम्ही चिपळूणमधील एका खासगी केंद्रात गेलो.

फोनवर ‘चार तास उपाशी या’ एवढेच सांगण्यात आले होते. शिरेतून देण्याचे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडे नीट चालतात का हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल लागतो, ही गोष्ट काउंटरवर पोहोचल्यावर समजली आणि उपाशी आईला घेऊन रक्त तपासून येण्यात सकाळ गेली.

आतले काम मात्र चोख. आतडी फुगून त्यांची भिंत स्पष्ट दिसावी म्हणून तिला तासाभरात दीड लिटर पातळ द्रावण थोडेथोडे पाजण्यात आले (‘त्यापेक्षा पेज दिली असती तर,’ असे ती पुटपुटलीच). ‘काकू, औषध गेले की अंगभर ऊब येईल, लघवी झाल्यासारखे वाटेल, घाबरू नका,’ असे तंत्रज्ञाने आधीच सांगितल्यामुळे ती शांत पडून राहिली.

क्ष-किरणतज्ज्ञांनी आम्हाला पडद्यासमोर बसवले. लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते तेथील भिंत जाडावली होती आणि जवळच्या गाठींची कड उजळ, तर मधला भाग काळपट, म्हणजे आतून सडलेला होता. क्रोन्स या आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारातही हाच भाग जाड होतो, परंतु अशा गाठींमुळे क्षयाची शंका बळावते, असे त्यांनी समजावले. तरीही अहवालात त्यांनी निदान ठोकून दिले नाही. ‘क्षयाची शक्यता अधिक, कोलोनोस्कोपीने (गुदद्वारावाटे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून) तुकडा घेऊन तपासावा’ एवढेच लिहिले. सकाळचा मनस्ताप मी त्या एका ओळीसाठी माफ केला.

चित्रांची सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा ती आठवणीने मागावी. कुंभार्ली घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो, तेव्हा तेथील पोटविकारतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून आधी तीच मागितली.