रेमिंग्टन 870 आणि इमर्जन्सी रिलोड : आठ महिने सराव करून काय कळलं

आम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनपासून बऱ्यापैकी लांब राहतो, पोलीस यायला वेळ लागतो, म्हणून घरात पंप शॉटगन (प्रत्येक बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढायची बंदूक) घेतली, रेमिंग्टन 870, 12 गेज (नळीच्या जाडीचं माप). नळीखालच्या ट्यूबमध्ये 4 शेल (काडतुसं) बसतात आणि चेंबर, म्हणजे शेल झाडला जातो ती जागा, मी रिकामंच ठेवतो, म्हणजे वेळ आलीच तर हातात फक्त चार. तेव्हा इमर्जन्सी रिलोड, म्हणजे गन पूर्ण रिकामी झाल्यावर ती झटपट पुन्हा तयार करणं, आलंच पाहिजे हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

आधी माझी चूक सांगतो. गन रिकामी झाली की मी खालून ट्यूब भरायला जायचो. 870 चं बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) शेवटच्या शेलनंतर आपोआप मागे अडकून राहत नाही, नुसता 'क्लिक' येतो, आणि तोवर तुम्हाला वाटत असतं अजून एक आहे. अशा वेळी ट्यूबचा नाद सोडायचा. फोरएंड (नळीखालची सरकती मूठ) पूर्ण मागे, एक शेल सरळ उजवीकडच्या इजेक्शन पोर्टमध्ये (रिकामा शेल बाहेर पडतो त्या खाचेत), फोरएंड पुढे, झालं, गन तयार. ट्यूब नंतर सवड मिळेल तशी भरायची. पहिल्या आठवड्यात मला याला सहा सेकंद लागायचे, आता अडीचच्या आसपास.

शेल पोर्टपर्यंत न्यायचा कसा, यात मात्र दोन महिने गेले. उजवा हात ग्रिपवरून हलवायचा नाही, सगळं काम डाव्या हाताचं. वरून हात नेला की मलाच समोरचं दिसेना. खालून नेला, तळवा वर ठेवून, तर शेल बोटांवरून आत गडगडतो आणि तोच हात सरळ पुढे फोरएंडवर जातो, मला हेच जमलं. बायको डावखुरी आहे, तिचा उजवा हात आधीच पोर्टच्या बाजूला असतो त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून माझ्यापेक्षा फास्ट, डावखुऱ्यांनी उगाच घाबरू नये.

अंधारात एकदा शेल उलटा टाकला, पितळी बूड पुढे, आणि सगळं जाम. तेव्हापासून साइड सॅडलमधून (गनच्या बाजूला लावलेला, जादा शेल ठेवायचा होल्डर) काढतानाच अंगठ्याने बूड चाचपतो, ते माझ्याकडेच हवं. आणि हो, सॅडल कापडी इलॅस्टिकवाला घेऊ नका, माझा उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहून राहून ढिला पडला आणि रेंजवर शेल आपोआप खाली पडायला लागले, आता कडक प्लास्टिकचा लावलाय, 6 शेलवाला, अजून घट्ट आहे.

पण खरं सांगू, इमर्जन्सी रिलोडची वेळच येऊ देऊ नये. दोन झाडले की दोन भरा, मधे जरा उसंत मिळाली की लगेच. भरताना अंगठा नीट आत ढकलायचा, 870 चं खालचं झाकण चिमटा काढतं, माझं नख एकदा चांगलंच काळंनिळं झालं होतं.

घरी सराव फक्त डमी शेलवर (दारू नसलेले नकली शेल). रविवारी रात्री पोरं झोपली की दहा मिनिटं, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर आणि ट्यूब मी बघतो, मग परत बायको बघते, तिने बोट घालून तपासल्याशिवाय पहिला डमी हातात घेत नाही.