सोलापुरातलं ‘टॅक्स प्लॅनिंग’ पॅकेज: अर्धं घ्यावं, अर्धं परत करावं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादर कारखानदारांना, विशेषतः प्रायव्हेट लिमिटेड केलेल्यांना, कर वाचवून देणारी पॅकेजेस विकली जातात. त्यातल्या एकाचं हे परीक्षण. सल्लागाराचं नाव देत नाही, कारण असाच मजकूर इतरत्रही मिळतो. कलमांचे आकडे 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत; 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने तिथे ते बदललेत.

पॅकेजमधली सर्वांत चांगली गोष्ट नेमकी शेवटच्या पानावर, दोन ओळींत उरकली आहे: कलम 80जेजेएए. नवे कामगार घेतले की त्यांच्या पगाराच्या 30 टक्के जादा वजावट, सलग तीन वर्षं. महिना 18,000 वर दहा माणसं वाढवली तर वर्षाचा पगार 21.60 लाख, वजावट 6.48 लाख, आणि कंपन्यांच्या सवलतीच्या 25.168 टक्के दराने कर वाचतो सुमारे 1.63 लाख. अटी मात्र कडक आहेत. पगार 25,000 च्या आत, पीएफ चालू, पैसे बँकेतून, कामगारांची एकूण संख्या खरोखर वाढलेली आणि सीएचा फॉर्म 10डीए वेळेत. आपल्याकडे हे फसतं ते आठवड्याच्या रोख चुकाऱ्यामुळे आणि 240 दिवसांच्या अटीमुळे. 4 ऑगस्टनंतर कामावर घेतलेला माणूस त्या वर्षी मोजला जात नाही. पुढच्या वर्षी 240 दिवस भरले तर तेव्हा धरला जातो. दीडशे दिवसांची सवलत तयार कपड्यांच्या धंद्याला आहे. टॉवेल-चादरीने तिच्यावर भिस्त ठेवू नये. इथे कर वाचतो तो कामगाराचा पीएफ भरूनच, त्यामुळे आक्षेपाला जागा नाही.

115बीएए, म्हणजे कंपन्यांसाठीचा सवलतीचा नवा दर, याबद्दलचा सल्ला अर्धवट आहे. ‘22 टक्के दर घ्या’ एवढंच लिहिलंय. अधिभार-उपकर धरून तो 25.168 होतो. उलाढाल 400 कोटींच्या आत आणि उत्पन्न एक कोटीपर्यंत असेल तर जुना दरही 26 टक्केच आहे. समजा उत्पन्न 60 लाख आहे आणि त्याच वर्षी 40 लाखांचे नवे माग बसवलेत. जुन्या पद्धतीत 20 टक्के अतिरिक्त घसारा, म्हणजे 8 लाख, वजा होऊन कर येतो 13.52 लाख. नव्या दरात हा अतिरिक्त घसारा मिळत नाही, त्यामुळे कर येतो 15.10 लाख. पुढच्या वर्षांत तो घसारा कमी मिळेल हे खरं, पण आज खिशातून जास्त जातात. आणि नवा दर निवडण्याचा फॉर्म 10-आयसी एकदा भरला की माघार नाही. मॅटचं (कंपन्यांच्या किमान कराचं) जुनं क्रेडिट असेल तर 2025-26 पर्यंत तेही बुडत होतं.

‘घरातल्या व्यक्तीला संचालक करा’ हा भाग मात्र सरळ परत करावा. आईला वर्षाला 12 लाख पगार दाखवायचा. 2025-26 पासून व्यक्तींच्या नव्या करपद्धतीत तिला कर शून्य, कंपनीचे 3,02,016 रुपये वाचतात. ती खरंच हिशेब किंवा माल पाहत असेल तर यात काही वावगं नाही. पण पॅकेजमध्ये कामाचं नावही नाही, फक्त बैठकीच्या ठरावाचा नमुना जोडलाय! 40ए(2)(बी) खाली जास्तीचा पगार नामंजूर होतो. पत्नीला दाखवलात तर कलम 64 आहेच: तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल तर तिचा पगार मालकाच्याच उत्पन्नात मिळवला जातो. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर दंड कराच्या 200 टक्के. ‘गार’, म्हणजे करचुकवेगिरीविरोधी सर्वसाधारण नियम, 3 कोटींच्या कर-लाभाखाली लागत नाही, हे सल्लागाराचं म्हणणं बरोबर आहे. पण कागदी बनावाला कर-नियोजन म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये मॅकडॉवेल प्रकरणात सांगून ठेवलंय.

सर्वांत खटकणारा सल्ला 43बी(एच) बद्दलचा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल करार नसेल तर 15, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत भागवलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच मिळतो. पॅकेज म्हणतं, ‘रंगाईवाल्याला उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करायला सांगा.’ तसं सांगायला कायद्याची आडकाठी नाही. पण उशिरा पैशांवर बँक दराच्या तिप्पट व्याज मिळवून देणारा त्याचा 2006 च्या लघुउद्योग (एमएसएमई) कायद्यातला हक्कही त्याबरोबर जातो. आपल्या कराचा भार त्या बिचाऱ्याने का उचलावा? सुताचा निव्वळ व्यापारी या कलमात येतच नाही. रंगाईवाल्याशी 45 दिवसांचा लेखी करार करा. फेब्रुवारीच्या मध्यानंतरची बिलं 31 मार्चला बाकी राहिली तरी मुदतीत भागवली की खर्च त्याच वर्षी मंजूर.

फी वाचलेल्या कराच्या टक्क्यांत मागितली आहे. सीएंना, काही अपवाद सोडले तर, 1949 च्या कायद्याने निकालावर अवलंबून फी घ्यायला मनाई आहे. ठरावीक रकमेत फक्त 80जेजेएए ची कागदपत्रं आणि दोन्ही दरांचा तुलनात्मक हिशेब मागा. बाकीची पानं परत द्या.