डीआरओवाली मिलिंग सीएनसी करताय? स्केल कंट्रोलरला जोडायचं, नुसतं बघायला ठेवायचं की काढून टाकायचं

जुनी एम-वन-टीआर मॉडेलची मिलिंग आहे, त्यावर आधीच डीआरओ (टेबलाला लावलेल्या स्केलवरून त्याची जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) बसवलेला आहे, आणि आता ती सीएनसी करायची आहे, म्हणजे मोटर लावून कंट्रोलरवर चालवायची आहे. गोव्यात डिचोली, कुंडई, वेर्णा, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमधे हा विषय निघतोच, कारण 2012 ला खाणी थांबल्यावर खाणीच्या स्पेअर्सवर चालणाऱ्या वर्कशॉपना दुसरी कामं शोधावी लागली, आणि दुसरी कामं म्हणजे एकतर बार्जची रिपेरी नाहीतर फार्मा कंपन्यांचे चेंज पार्ट (मशीनला प्रॉडक्टप्रमाणे बदलायचे सुटे भाग), आणि चेंज पार्टवाला ड्रॉइंगवर पॉइंट झिरो टू मिलीमीटर टॉलरन्स टाकून मोकळा होतो. मग पहिला हिशोब सगळे हाच करतात की स्केल तर मशीनवर आहेच, पाच मायक्रॉन दाखवतंय, तेच कंट्रोलरला जोडलं की स्क्रू कसाही असो, टेबल बरोबर जागेवर जाणार.

तसं होत नाही. आधी एक टेस्ट करा. टेबलाचं हँडल एका दिशेला फिरवून थांबा, डीआरओ शून्य करा, आणि आता हळूहळू उलट फिरवा. झिजलेल्या ट्रॅपेझॉइडल (मशीनच्या मूळच्या साध्या आट्यांच्या) स्क्रूवर हँडलची कॉलर, म्हणजे आकड्यांची रिंग, पाव मिलीमीटर पुढे जाते तरी स्क्रीनवरचा आकडा ढिम्म हलत नाही, आणि मग एकदम उडी मारतो. हाच पाव मिलीमीटर कंट्रोलरला कसा दिसेल बघा: मोटर फिरवली, स्केल म्हणतं काहीच हललं नाही, म्हणून आणखी फिरवली, प्ले (स्क्रू आणि नटमधला मोकळा भाग) संपला आणि टेबल उडी मारून पुढे गेलं, मग ते मागे आणायला उलट फिरवली, परत तोच मोकळा भाग. टेबल जागेवर उभं असताना मोटर गुर्रगुर्र करत मागेपुढे होत राहते. ते थांबवायला गेन (चूक दिसली की मोटरने किती जोरात उत्तर द्यायचं ते सेटिंग) कमी केलं की मशीन ढिली पडते, वाढवलं की थरथर वाढते, मधे कुठे सुख नाही.

आणि समजा ट्यूनिंग करून ते दाबलं, तरी क्लाइंब मिलिंगमधे कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो तेव्हा प्ले जेवढा तेवढं टेबल खेचलं जातं. स्केल ते बघतं पण थांबवू शकत नाही, कंट्रोलरला कळेपर्यंत जॉबवर खड्डा पडलेला असतो. सॉफ्टवेअरमधलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशनही इथे काही करू शकत नाही. ह्याला इलाज एकच, बिनप्लेचा बॉलस्क्रू (नटमधे छोटे गोळे फिरणारा स्क्रू) आणि नीट सेट केलेले गिब (स्लाइडमधला ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या). म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: स्केल जोडायच्या हार्डवेअरवर पैसे घालायच्या आधी बॉलस्क्रूवर घाला, आणि डीआरओ आहे तसाच राहूदे.

आता बॉलस्क्रू घातला असं धरून चालू. साधा रोल्ड सी-सेव्हन ग्रेडचा स्क्रू 300 मिलीमीटरमधे साधारण 50 मायक्रॉनपर्यंत चुकू शकतो. बार्जच्या पंपाचा फ्लँज असेल तर विसरून जा, कोणी विचारत नाही, पण चेंज पार्टला हे चालत नाही. इथेच आपल्या जुन्या डीआरओचा खरा उपयोग आहे, आणि तो बहुतेक लोक करतच नाहीत. कंट्रोलरला सांगायचं 50 जा, डीआरओवर काय आलं ते वहीत लिहायचं, 100 जा, परत लिहायचं, असं पूर्ण ट्रॅव्हलभर जाताना आणि येताना. लिनक्ससीएनसी ह्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधे ह्या आकड्यांची कॉम्पेन्सेशन फाइल देता येते, प्रत्येक पॉइंटला तीन आकडे, मूळ पोझिशन आणि दोन्ही दिशांचं वाचन, आणि ती फाइल दिली की वेगळी बॅकलॅश सेटिंग धरली जात नाही, कारण प्ले त्या दोन दिशांच्या फरकातच आला. म्हणजे स्केल लूपमधे न घेताही, म्हणजे त्याच्या वाचनावरून मोटर न चालवताही, स्क्रूची कायमची चूक बरीचशी निघून जाते, आणि ह्याला कार्ड वगैरे काही लागत नाही, एक दुपार आणि एक वही बस.

मग लूपमधे घेतल्याने जास्तीचं काय मिळतं? तापमान. स्टीलचा स्क्रू मीटरला एका डिग्रीत साधारण 11-12 मायक्रॉन वाढतो, म्हणजे अर्ध्या मीटरचा स्क्रू सकाळपासून रॅपिड (जलद रिकाम्या चाली) मारून दहा डिग्री तापला तर 50 मायक्रॉनच्या वर गेला. वहीतले आकडे थंड स्क्रूचे, ते इथे खोटे पडतात. सतत लांब ट्रॅव्हलची आणि टाइट टॉलरन्सची कामं असतील तर स्केल लूपमधे घेण्यात अर्थ आहे, पण मग दोन लूप लागतात, स्पीड मोटरच्या एन्कोडरवरून आणि पोझिशन स्केलवरून. आणि एक गोष्ट स्केलही सांगत नाही: स्केल टेबलाच्या कडेला आणि कटर त्याच्यापासून बराच लांब, सॅडल (टेबलाखालची सरकणारी बैठक) थोडी जरी तिरकी होत असेल तर स्केलचा आकडा बरोबर आणि जॉब चूक.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात. मॅक-थ्री हे कंट्रोल सॉफ्टवेअर स्केलचा आकडा दाखवू शकतं, पण त्या आकड्यावरून पोझिशन चालवत नाही, त्यामुळे मॅक-थ्रीवर राहणार असाल तर हा वादच मिटला. लिनक्ससीएनसी करतं, पण पॅरलल पोर्टवर मर्यादा येते: पाच मायक्रॉनचं स्केल मिनिटाला पाच मीटरने पळवलं तर सेकंदाला साधारण 16,700 काउंट येतात, आणि 25 मायक्रोसेकंदाच्या थ्रेडला (सॉफ्टवेअर ठराविक वेळाने सिग्नल बघतं त्याला) सेकंदाला 40,000 वेळाच बघता येतं, म्हणजे निभावतं. तेच एक मायक्रॉनचं स्केल असेल तर 83,000 च्या वर जातं आणि काउंट सुटायला लागतात. तिथे मेसासारखं कार्ड लागतंच, ज्यात मोजायचं काम हार्डवेअर करतं. स्केलचा नऊ पिनांचा प्लग सगळीकडे सारखा दिसतो म्हणून तसाच खुपसू नका, पिनआउट ब्रँडप्रमाणे बदलतं, आधी मीटर लावून पाच व्होल्ट आणि ग्राउंड शोधा.

शिवाय आपल्या गोव्याच्या दोन भानगडी आहेत. पहिली अर्थिंग. चिऱ्याची जमीन, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक, आणि स्पिंडलला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). साध्या टीटीएल (प्रत्येक सिग्नलला एकच वायर) आउटपुटच्या स्केलमधे तो नॉइज शिरतो आणि आकडा आपोआप सरकतो. नुसत्या डिस्प्लेवर हे झालं तर आपण शिव्या देऊन परत शून्य करतो, पण लूपमधे असेल तर टेबल खरोखर सरकतं. त्यामुळे लूपमधे घ्यायचं स्केल आरएस-422 डिफरन्शियल (प्रत्येक सिग्नलला दोन उलटसुलट वायरी) आउटपुटचंच पाहिजे, शील्ड नीट लावलेलं, आणि केबल व्हीएफडीच्या वायरपासून लांब. जुन्या डीआरओचं स्केल बहुतेक वेळा टीटीएल असतं हे आधीच बघा.

दुसरी भानगड पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते ती काच स्केलच्या आत जाऊन बसते, सकाळी काचेवर वाफ धरते आणि रीडर हेड काउंट सोडतं, वर कूलंटची वाफ आहेच. स्केलचे रबरी ओठ खाली किंवा चिप्सच्या उलट बाजूला ठेवा, कव्हर काढू नका, आणि साफ करायचंच झालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड, थिनर नको. मॅग्नेटिक स्केलला ओलीचं एवढं काही वाटत नाही, पण लोखंडी बुरा चिकटतो आणि अचूकता सहसा काचेपेक्षा कमी. वास्को-सांकवाळकडे खाऱ्या हवेत मी तरी मॅग्नेटिकच घेईन.

आता क्लोज्ड लूप स्टेपर किंवा सर्वो, म्हणजे मोटरच्याच मागे एन्कोडर. 1000 लाइनचा एन्कोडर एका फेरीला 4000 काउंट देतो, पाच मिलीमीटर पिचच्या स्क्रूवर सव्वा मायक्रॉन. कागदावर हे स्केलपेक्षा भारी दिसतं, आणि ट्यूनिंग सोपं, केबल कमी, स्टेप सुटली तर ड्रायव्हर अलार्म देतो. बहुतेक वर्कशॉपला मोटरसाठी हेच पुरे. फक्त हे लक्षात असूदे की तो एन्कोडर मोटर किती फिरली ते सांगतो, टेबल किती गेलं ते नाही. कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला झाला, बेल्टचा दात सुटला, तर मोटर म्हणणार सगळं ओके आणि जॉब भंगारात. म्हणून क्लोज्ड लूप मोटर घातली की डीआरओ काढून विकायचा हा जो सल्ला मिळतो तो मला पटत नाही. बाजूला लावून ठेवलेला असला तर कंट्रोलरचा आकडा आणि त्याचा आकडा एका नजरेत जुळवता येतो, आणि एखादं भोक हाताने मारायचं असेल तर पीसी चालू न करता काम होतं, पावसात दहा वेळा वीज जाते-येते तेव्हा हे बरं पडतं.

ज्याला ह्याच्या पुढे जायचंय त्याला एक मधली वाट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. स्केलचा सिग्नल कार्डला द्यायचा, पण पोझिशन त्यावर चालवायची नाही, फक्त तुलना करायची, आणि कमांड आणि स्केलमधे समजा पॉइंट टू मिलीमीटरपेक्षा जास्त फरक पडला की मशीन थांबवायची. ट्यूनिंगची कटकट नाही, आणि रात्री लावलेला लांब प्रोग्राम घसरला तर महागडा ब्लॉक वाचतो. डिस्प्ले पण ठेवायचा असेल तर सिग्नल सरळ दोन वायरीत फोडण्यापेक्षा मधे बफर (सिग्नल कमजोर न करता दोन ठिकाणी देणारं छोटं सर्किट) घाला.

झेडला, म्हणजे वर-खाली चालीला, हिशोब वेगळा. नी (टेबलाला वर-खाली उचलणारा खालचा भाग) चालवत असाल तर तिच्या वजनाने नट कायम एकाच बाजूला दाबलेला असतो, त्यामुळे प्ले असूनही वर सांगितलेला मागेपुढेचा खेळ सहसा होत नाही आणि स्केल लूपमधे घ्यायचंच तर इथे सगळ्यात सोपं जातं. पण नीला बॉलस्क्रू घातला तर तो स्वतःहून उलटा फिरतो, वीज गेली की नी खाली. ब्रेकवाली मोटर किंवा काउंटरवेट लागतंच, त्यात काटकसर करू नका.

लेथवाल्यांनी एवढं बघा की क्रॉस स्लाइडला पाच मायक्रॉनचं स्केल म्हणजे व्यासावर दहा, तिथे एक मायक्रॉनचं घ्या, कॅरेजला पाचवालं चालतं.