सैन्यभरतीतला सेटिंगवाला नेमकं काय करतो

सैन्यात सेटिंग करून देतो म्हणणारा माणूस काय करतो, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तो काहीच करत नाही. वीस मुलांकडून प्रत्येकी ५० हजार टोकन घेतो, वर बापाच्या सहीचे दोन कोरे चेक आणि दहावीची मूळ मार्कलिस्ट. मग घरी बसतो. वीसातली तीन-चार पोरं आपल्या दमावर पळतात, पेपर काढतात, मेडिकल पार करतात. त्यांच्या घरी हा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर होतो आणि उरलेली रक्कम मागतो. नापास झालेल्यांपैकी जो फार बोंब मारतो त्याचं टोकन परत, बाकीच्यांना 'पुढच्या भरतीत नक्की'. गंमत म्हणजे त्या परत केलेल्या टोकनावरच त्याचा धंदा वाढतो. 'माणूस प्रामाणिक हो, काम झालं नाही तर पैसे परत देतो,' असं गावभर होतं. पोराच्या पायांनी केलेल्या कामाचे पैसे तो घेतो, आणि पोराच्या बापाला शेवटपर्यंत वाटत राहतं की साहेबांमुळे झालं.

कोकणात हे चालतं त्याला एक साधं कारण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयाकडे येतात, रायगड मुंबईकडे. म्हणजे देवगडच्या किंवा गुहागरच्या माणसाला साधी चौकशी करायची तरी घाट चढावा लागतो. तो चढत नाही. घाटावरून कोणी 'आतला माणूस' खाली आला की त्याचं ऐकतो. हा माणूस गणपतीच्या सुमारास हमखास उगवतो, कारण तेव्हा मुंबईचे काका-मामा घरी असतात आणि चार पैसे गोळा होऊ शकतात. सोबत बहुतेक वेळा कोणीतरी 'रिटायर साहेब' असतो. तो खरंच फौजी असेलही. पण निवृत्तीनंतर भरतीच्या मैदानावर त्याचा शब्द तुमच्या-आमच्याइतकाच चालतो.

आता प्रत्यक्ष भरती कशी होते ते पाहा, म्हणजे सेटिंगला जागा कुठे उरते ते दिसेल. सध्या शिपाई पातळीवर भूदलात शिरायचं मुख्य दार म्हणजे अग्निवीर. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि २०२३ पासून क्रम उलटला: आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान. नोंदणी 'जॉइन इंडियन आर्मी डॉट एनआयसी डॉट इन' या संकेतस्थळावर, उमेदवाराच्या खिशातून परीक्षा शुल्क २५० रुपये. जनरल ड्यूटीचा (म्हणजे सर्वसाधारण शिपायाचा) पेपर ५० प्रश्नांचा, एका तासाचा, १०० गुणांचा; चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. मैदानावर १६०० मीटर धावणं: साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण. बीमवर, म्हणजे आडव्या दांडीला लटकून अंग वर खेचण्याचे, दहा काढले तर ४०, नऊ काढले तर ३३, सहा काढले तर फक्त १६. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसतं पार करायचं, त्याला गुण नाहीत. आत शिरताना आधारवरून ओळख पटवतात, बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे आपल्या जागी डमी माणूस धावायला लावायचे दिवसही संपत आले. वेळ संपली की दोरी आडवी येते. त्या दोरीच्या मागे राहिलेल्या पोराला पुढे आणणारा दलाल अजून जन्मायचा आहे.

पेपर फुटतात का? फुटल्याचं उदाहरण आहे. २८ फेब्रुवारी २०२१ ला होणारी सैनिक जनरल ड्यूटीची परीक्षा पुण्यात पेपरफुटी उघड झाल्यावर देशभर रद्द झाली. पैसे मोजलेल्यांचे पैसे गेले, प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांचे महिने गेले. 'पेपर आपल्याकडे आहे' म्हणणाऱ्याजवळ तो खरोखर असलाच, तर तो विकत घेणं म्हणजे आपण होऊन गुन्ह्यात नाव घालणं.

देवगडच्या बाजूच्या एका वाडीत जे झालं त्यात या धंद्याचे सगळे सांधे दिसतात. पोरगा एकवीसच्या उंबरठ्यावर, जन्मतारखेच्या अटीत बसणारी ती शेवटची भरती. लेखी पास. मैदानावर साडेपाच मिनिटं चुकली म्हणून दुसऱ्या गटात आला, बीमवर आठ. मेडिकलला कानात मळ आणि नाकाचं हाड वाकडं म्हणून टेम्पररी अनफिट, म्हणजे लष्करी रुग्णालयात पुन्हा तपासणी. मैदानाच्या गेटबाहेर अशाच मुलांच्या हातातला कागद हेरणारी माणसं उभी असतात. एकाने त्याला चहा पाजला. रात्री वडिलांना फोन गेला: "काका, पोराचं काम झालंच म्हणून समजा. मेडिकलवाले डॉक्टर आपलेच. फक्त उद्या संध्याकाळच्या आत टोकन." वडिलांनी आंब्याची साठ कलमं दोन हंगामांसाठी व्यापाऱ्याला खंडाने दिली, आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. साडेचार लाखांचा सौदा, पैकी दोन रोख, पन्नास हजार यूपीआयने, बाकीचे कोरे चेक.

या सौद्यात कोणी विचारलं नाही ती गोष्ट ही: कानातला मळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत निघतो. नाकाच्या हाडाचं ऑपरेशन होतं. हायड्रोसील (अंडकोशात पाणी साठणं), व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणं) यांचीही ऑपरेशनं होतात, मात्र भरून यायला वेळ लागतो, म्हणून ती भरतीच्या आधी कितीतरी महिने करायची. दातांचे किमान १४ पॉइंट (चांगल्या दातांना मिळणारे गुण) लागतात, ते दंतवैद्य मोजून देतो. म्हणजे टेम्पररी अनफिट ठरलेल्यांतली बरीच मुलं तशीही पुढच्या तपासणीत फिट होतात. दलाल नेमकी हीच मुलं गाठतो. रंगांधळेपणावर मात्र उपाय नाही, आणि त्याचेही पैसे घेणारे आहेत. अंगावरचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवरच चालतं. दंडावर शिवराय गोंदवून घेतलेल्या पोरांना हे मैदानात कळतं. दलालाला द्यायच्या पैशांतला विसावा भाग आधी खर्चून तालुक्याच्या डॉक्टरकडून गुडघे, तळपाय, कान, नाक, डोळे, दात तपासून घेतले तर निम्मी भीती तिथेच जाते.

त्या पोराच्या पुनर्तपासणीचा निकाल लागायच्या आधीच व्हॉट्सअॅपवर जॉइनिंग लेटर आलं. ते पत्र नीट पाहण्यासारखं होतं. वर अशोकस्तंभ, खाली दोन गोल शिक्के, दोन्ही शिक्क्यांची शाई अगदी एकसारखी आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या, म्हणजे दुसऱ्या कागदावरून उचलून चिकटवलेले. सहीही वरून चिकटवल्यासारखी तरंगत होती. रोल नंबरात एक आकडा जास्त. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात 'गेटवर थेट रविवारी सकाळी' हजर व्हायचं. खालच्या ओळीत गणवेश, किट आणि पोलीस पडताळणीचे मिळून १८ हजार ५०० रुपये एका खासगी खात्यात. संपर्काला जीमेलचा पत्ता.

असे चिकटवलेले शिक्के, थेट गेटवर बोलावणं, खासगी खातं, जीमेल, यातलं काहीच खऱ्या भरतीत नसतं. निकाल रोल नंबरनिहाय संकेतस्थळावर लागतो. निवड झालेल्यांना भरती कार्यालय बोलावतं, मूळ कागद तपासतं आणि तिथून तुकडीने प्रशिक्षण केंद्राकडे रवाना करतं. गणवेशाला, किटला, पडताळणीला पोराकडून एक पैसा घेत नाहीत. आंबोली घाटातून एसटीने बेळगाव गाठलेल्या त्या पोराला गेटवरच्या जवानाने बाजूला बसवलं आणि पत्र ठेवून घेतलं. चार तास चौकशी झाली. बनावट कागद घेऊन लष्करी गेटवर गेलेला माणूस पहिल्यांदा संशयितच असतो, फसलेला नंतर ठरतो.

बोगस दाखल्यांचंही तसंच. एनसीसीच्या प्रमाणपत्राला, खेळाच्या प्रमाणपत्राला, माजी सैनिकाच्या मुलाला बोनस गुण आहेत, म्हणून हे कागद विकले जातात. अधिवास आणि जातीचा दाखला मात्र कोणाकडून विकत घ्यायची गरजच नाही, ते सेतूतून रीतसर मिळतात. सरपंचाचा वर्तणुकीचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला, फोटोसह. कागद पुढे पडताळणीला जातात. बोगस निघाला तर भरती झालेला पोरगाही घरी येतो, आणि भरतीच्या वेळी खोटं उत्तर देणं हा आर्मी अॅक्टच्या कलम ४४ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

दलालाचं दुसरं खोटं पैशांबद्दल असतं आणि ते जास्त महाग पडतं, कारण भरती व्हायचं की नाही हा निर्णयच त्यावर घेतला जातो. 'कायम नोकरी, पेन्शन, पोरगा सेटल.' अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची आहे. त्यानंतर एका तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना नियमित सेवेत घेतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, पण त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१ हजार. दुसऱ्या वर्षी हातात २३ हजार १००, तिसऱ्या वर्षी २५ हजार ५५०, चौथ्या वर्षी २८ हजार. चार वर्षांत कापलेले साधारण पाच लाख दोन हजार, तेवढेच सरकारचे, वर व्याज. ते सुटताना एकरकमी मिळतात. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा आहे.

आता दलालाला पाच लाख दिलेत तर काय होतं ते मांडा. पहिल्या वर्षी हातात येतात २ लाख ५२ हजार, दुसऱ्या वर्षी २ लाख ७७ हजार. म्हणजे पोरगा दोन वर्षं बर्फात नाहीतर वाळवंटात उभा राहून दलालाचं कर्ज फेडणार, पतसंस्थेचं व्याज वेगळं. ज्याला तरीही जायचंय त्याने जावं; महाडकडे फौजी आंबवडेसारखी गावं आहेत, तिथे ही वाट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आणि समुद्राशी नातं असलेल्या पोरांनी तटरक्षक दलाच्या नाविक भरतीकडेही बघावं. ती अग्निपथखाली येत नाही, नियमित सेवा आहे. उंची १५७ सेंटीमीटर चालते, जिथे भूदलाच्या जनरल ड्यूटीला आपल्याकडे १६८ मागतात. उंचीत मागे पडणाऱ्या किती मुलांना 'दोन सेंटीमीटर अॅडजस्ट करतो' म्हणून लुबाडलं असेल, ते दलालच जाणोत.

अकॅडमी लावायला हरकत नाही, पण 'शंभर टक्के गॅरंटी' लिहिलेली नको आणि मूळ कागद ठेवून घेणारी तर नकोच. कोकणात सपाट मैदान दुर्मीळ, म्हणून पोरं ओहोटीच्या कडक वाळूवर नाहीतर हायवेच्या कडेला पळतात. वाळूवर दम वाढतो, पण वेळ फसवी येते. महिन्यातून दोनदा तरी ४०० मीटरच्या मोजलेल्या ट्रॅकवर चार फेऱ्या घड्याळ लावून माराव्यात. शंका असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रत्नागिरीतही आहे आणि ओरोसलाही. तिथे फुकट विचारता येतं.

पैसे गेलेच असतील तर क्रम महत्त्वाचा. ऑनलाइन गेलेल्या रकमेसाठी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात; रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. चॅट, कॉल रेकॉर्डिंग, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, बनावट पत्र यातलं काहीही डिलीट करू नका. पुष्कळजण रागाने आधी ब्लॉक करतात आणि पुरावाच घालवतात. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, जुनं ४२०. 'आपणच पैसे दिले, आपणच अडकू' या भीतीने लोक गप्प बसतात, आणि दलाल याच गप्प बसण्यावर जगतो. मजकूर वकिलाला दाखवून द्या, पण द्या.

कोऱ्या चेकचं प्रकरण वेगळं. बँकेत जाऊन चेक नंबर देऊन स्टॉप पेमेंट (हा चेक वटवू नका अशी सूचना) लेखी नोंदवा आणि पोच घ्या. तेवढ्याने सुटका होत नाही. दलाल चेकवर हवा तो आकडा भरून बँकेत टाकतो, तो परत आला की ३० दिवसांच्या आत वकिलाची नोटीस पाठवतो. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. पोस्टमनला 'घरी नाही' सांगून ती परत पाठवू नका. घ्या आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडून मुदतीत उत्तर द्या. आधी केलेली तक्रार इथे कामी येते.

आणि मूळ मार्कलिस्ट. 'चार लाख आणा नाहीतर पोराचे कागद समुद्रात' ही शेवटची धमकी असते, आणि देवगडच्या त्या घरात तिच्यावरच आणखी ४० हजार गेले. दहावीच्या मार्कलिस्टची दुय्यम प्रत शाळेमार्फत मंडळाकडून मिळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे. गहाळ झाल्याची पोलीस नोंद लागते, ठरलेली फी भरावी लागते, काही दिवस थांबावं लागतं. चाळीस हजार लागत नाहीत.