सेन्सर सप्लाय लो: एकेक प्लग काढत बसायचं की कंट्रोलरच्या टोकाकडून सुरुवात करायची?

छोट्या लोडरच्या डिस्प्लेवर सेन्सर सप्लाय लो असल्याचा, म्हणजे कंट्रोलर सेन्सरना देतो ते पाच व्होल्ट खाली पडल्याचा, कोड आला की मेकॅनिकांचे दोन पंथ पडतात. पहिल्या पंथातला माणूस चावी ऑन ठेवतो, पाच व्होल्टच्या वायरवर मीटर लावतो आणि एकेक सेन्सरचा प्लग काढत जातो. ज्या प्लगला व्होल्टेज परत वर येईल तो चोर. दुसरा चावी बंद करतो, कंट्रोलरचा मोठा कनेक्टर सोडवतो आणि तिथूनच सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ओहममध्ये मोजतो. मी बरीच वर्षं पहिल्या पंथात होतो. हल्ली बहुतेक वेळा दुसऱ्यात असतो, आणि त्याला एकच मशीन कारणीभूत आहे. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी दोन्ही पंथांना लागू असलेलं थोडं. कोडमध्ये दोष कशाचा हे सांगतो तो एसपीएन, आणि दोष कसला हे सांगतो तो एफएमआय. एसपीएन ६२०, ३५०९, ३५१०, ३५११ हे सप्लायचेच नंबर, आणि त्यापुढचा एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज खाली किंवा वायर अर्थला टेकलेली. पण कितीदा तरी हा कोड यादीत तळाशी असतो आणि वर प्रेशर सेन्सर, थ्रॉटल, आर्मचा पोझिशन सेन्सर असे तीन-चार जण एकदम रडत असतात. एवढे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. ते सगळे एकाच पाच व्होल्टवर बसलेत का, हे वायरिंगच्या आकृतीत बघून घ्या. दोन वायरचे तापमानाचे सेन्सर या भानगडीत नसतात, ते सोडून द्या. आणि कोड फक्त स्टार्टर मारतानाच येत असेल तर आधी बॅटरी आणि कंट्रोलरची अर्थ बघा. वरूनच सप्लाय कोसळला तर आतला रेग्युलेटर पाच व्होल्ट आणणार कुठून?

आता पहिली पद्धत. तिची बाजू मी कमी लेखणार नाही. आकृती नसली तरी ती चालते, मीटर साधा असला तरी चालतो, आणि सेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, प्लगमध्ये पाणी शिरलं असेल, तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं. दोन व्होल्टवर पडलेला आकडा प्लग निघताच टुणकन ५.०२ वर जातो, तेव्हा बरं वाटतं, हेही खरं. फक्त काही कंट्रोलर सप्लाय शॉर्ट झाला की तो बंद करून ठेवतात आणि चावी बंद-चालू केल्याशिवाय परत देत नाहीत. हे माहीत नसलं तर खरा चोर काढूनही आकडा हलत नाही आणि माणूस पुढच्या प्लगकडे जातो. शिवाय काढलेला प्रत्येक सेन्सर स्वतःचा एक नवा कोड टाकतो. मूळ यादीचा फोटो काढून ठेवला नसेल तर अर्ध्या तासानं आपण आणलेले कोड कुठले आणि मशीनचे कुठले, हे सांगता येत नाही.

एवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती. ज्यानं बदलली ते वेगळंच आहे. या पद्धतीत दोष शोधता शोधता आपणच तो पुसून टाकतो.

एका लोडरवर कोड यायचा तो खडबडीत जागी चालवताना. उभ्या मशीनवर आकडा ४.९८, निर्दोष. मी कॅब उचलली, टेकू लावला, आणि नेहमीप्रमाणे प्लग काढत गेलो. हायड्रॉलिक प्रेशर सेन्सरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला. झालं, सापडला. सेन्सर बदलला, कॅब बसवली, मशीन दिलं. तीन दिवसांनी परत. मग दुसऱ्या एका प्लगवर संशय, तो साफ केला, आणखी चार दिवस बरे गेले. प्लग काढून परत लावला की पिना घासल्या जातात, वायरी थोड्या हलतात, आणि दोष आपोआप गप्प बसतो. आपल्याला वाटतं, आपण दुरुस्ती केली.

तिसऱ्या खेपेला मी कॅबला हातच लावला नाही. त्या मशीनवर कंट्रोलर मागच्या दारातून हाताला येतो. कनेक्टरच्या मधला बोल्ट सोडवला, प्लग काढला, पाच व्होल्टची पिन आणि फ्रेम यांच्यामध्ये मीटर लावला. मीटरवर ओएल, म्हणजे सर्किट उघडं. मग मदतनिसाला सीटवर बसवून म्हटलं, आता जरा उड्या मार. तो बिचारा खाली-वर होत राहिला आणि मीटरवर ओएल, ओएल, मग एकदम ३ ओहम, परत ओएल. मीटर तसाच ठेवून मग कॅब थोडी उचलली. आता कितीही हलवलं तरी ओएल.

म्हणजे दोष कॅबच्या बिजागरीपाशी होता. हार्नेस तिथून वळतं, आणि कॅब पूर्ण बसली की शेवटच्या बोटभर अंतरात ते चिमटायचं. वरची नळी चपटी झाली होती, आत एका वायरवर तांदळाच्या दाण्याएवढं तांबं चकाकत होतं. सेन्सरपर्यंत पोचायला कॅब उचलायची, आणि कॅब उचलली की दोष नाहीसा. पहिल्या पद्धतीनं तो मला कधीच सापडला नसता. प्रेशर सेन्सर तर फुकटच बदलला गेला.

कंट्रोलरच्या टोकाचा खरा फायदा इथे आहे. एकच प्लग निघतो, बाकीचं हार्नेस जसं नांदत होतं तसंच राहतं. वर एक गोष्ट मोफत मिळते. सेन्सरची परतीची वायर बहुतेक मशीनवर थेट फ्रेमला जात नाही, कंट्रोलरमधूनच अर्थला जाते. प्लग काढला की ती तरंगती होते. म्हणून दोन मापं घ्यायची: पाच व्होल्टची पिन ते फ्रेम, आणि पाच व्होल्टची पिन ते सेन्सरची परतीची पिन. फ्रेमशी काही ओहम दिसले तर वायर कुठेतरी घासून लोखंडाला टेकली आहे, सेन्सर बदलू नका. फ्रेमशी उघडं, पण परतीच्या पिनेशी फारच कमी, तर सेन्सर आतून गेलाय किंवा कुठल्यातरी प्लगमध्ये पाणी आहे. एवढ्यानं निम्मं मशीन बाजूला पडतं.

या पद्धतीचे त्रासही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. आकृतीशिवाय हिला हात घालू नये. कनेक्टरमध्ये पिनांचं रान असतं आणि चुकीच्या पिनेवरचं माप खोटा दिलासा देतं. परतीच्या पिनेशी 'चांगलं' माप किती असावं, याचा ठरलेला आकडा नाही. लावलेल्या सेन्सरच्या आतले भागही मापात येतात आणि मीटरच्या वायरी उलट धरल्या तर आकडा बदलतो. मी आकड्यापेक्षा तो हलवल्यावर उडतो का, हे बघतो. आणि मीटरची जाड सुई मादी पिनेत कोंबू नका. पिन फाकते आणि उद्याचा दोष आपण आजच पेरून ठेवतो. जुन्या हार्नेसमधून कापलेली त्याच मापाची पिन वायरीसकट पेटीत ठेवावी, तीच घालावी.

हिची खरी मर्यादा अशी, की काही सेन्सर फक्त करंट मिळाल्यावर किंवा गरम झाल्यावर बिघडतात. थंड, बंद मशीनवर ओहम त्यांना पकडत नाही. तिथे चावी ऑन करून प्लग काढण्याला पर्याय मला तरी माहीत नाही. कंट्रोलरचा स्वतःचा रेग्युलेटर गेला असेल तरी हार्नेसचं माप निर्दोषच येणार, त्यामुळे नंतर चावी ऑन करून पाहणं आलंच.

मशीनला लॅपटॉप जोडून तपासणारे म्हणतील, हे सगळं स्क्रीनवर दिसतं की. दिसतं, आणि कंट्रोलरला आत नेमके किती व्होल्ट वाटताहेत हे फक्त तिथेच दिसतं. पण क्षणभराचा झटका त्या स्क्रीनवर अनेकदा उमटतच नाही. मिन-मॅक्स असलेला, म्हणजे सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारा मीटर मला जास्त उपयोगी पडला आहे. आणि काहीही वापरा, पाच व्होल्टच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावू नका. बल्बचा करंट त्या नाजूक सप्लायला झेपत नाही आणि लो व्होल्टेज तुम्हीच तयार करता.

मग कोणी काय घ्यावं? कोड सतत उभा असेल, मशीन हलवा न हलवा आकडा पडलेलाच असेल आणि आकृती हाताशी नसेल, तर पहिली पद्धत घ्या, लाजायचं कारण नाही. कोड येत-जात असेल, मशीनवर आधी कोणी हात मारून गेलं असेल, किंवा एखादा सेन्सर आधीच बदलून झाला असेल, तर माझं मत दुसरीकडे झुकतं. अशा मशीनवर अजूनही मी हाताला सहज येणारे दोन-तीन प्लग आधी बघतो, नाही असं नाही. पण फक्त बघतो, काढत नाही. आणि कॅबचे बोल्ट सोडायची वेळ आली, की त्याआधी मागचं दार उघडतो.